बॅटरी काढल्यावर

मोरिवलीच्या गॅरेजमध्ये भर दुपारी आनंदा इलेक्ट्रिशियनने जुन्या लष्करी जीपची बॅटरी काढून बाहेर ठेवली. तरी वायरला टोचलेल्या टेस्टरचा बल्ब पेटलेलाच होता.

"तीन दिवसांत एक शॉर्ट सापडत नाय तुला?" जीपचा मालक नितीन खेकसला. "मुद्दाम रखडवतोस ना?"

जीपमध्ये चढून बसलेल्या आनंदाने दातओठ खात एकेक वायर तोडली. शेवटची तोडली, तरी बल्ब तसाच.

टेस्टर हातात धरूनच तो म्हणाला, "शेठ, गाडीपासून लांब व्हा."

"आधी तू उतर खाली!" नितीनने दंड धरून त्याला हिसडा दिला. टेस्टरची पिन वायरवरून निसटली आणि नितीनच्या मनगटाला टेकली.

बल्ब भगभगला. नितीनची शिवी अर्ध्यावरच थांबली, आणि सगळ्या वायरी तुटलेल्या जीपचं इंजिन घरघरत सुरू झालं.