गुरांची वाट

ब्रेडाने नकाशा टेबलावर पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यावर कॉफीचे कप ठेवले.

"शनिवारी सकाळी निघायचं, रात्री वरच्या निवाऱ्यात झोपायचं, रविवारी जेवायला घरी. वाट सगळ्यात सोपी सांग. मी जन्मात वर गेलेली नाही, हे ध्यानात ठेव."

येर्नेय तिचा दीर. बोहिन्यच्या खोऱ्यातले निम्मे लोक त्याच्या मागे मागे डोंगर चढायला शिकले होते. पण आज त्याचं बोट काही नकाशावर टेकेना.

"त्यापेक्षा तळ्याकाठी तंबूत राहा. मासे भाजा."

"काका, मी काय पाच वर्षांची आहे?" नेझा म्हणाली. ती जॅकेटच्या खिशात हात घालून दाराला टेकली होती, थेट बापासारखी.

ब्रेडाने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. हा बेत जमवता जमवता तिच्या नाकी नऊ आले होते. पोरीने वर्षभर एकच धोशा लावला होता: बाबा जिथे गेला, त्या उत्तरेच्या कड्यावर मी चढणार. तिला एकदा सोप्या वाटेने डोंगर दाखवावा, म्हणजे कड्याचं खूळ उतरेल, असा आईचा हिशेब. नवरा, तोने, त्या कड्याला देऊन झाला होता. कड्याकडे उघडणारी स्वयंपाकघरातली खिडकी आठ वर्षं बंद होती.

"ही कशी आहे?" तिने एक रेघ दाखवली. "गुरांची वाट. गाई चढतात, म्हणजे आम्हीही चढू."

"ती नको. लांब पडते."

"हीच तर जवळची दिसतेय."

"पूर्वेकडून जा. दोन ठिकाणी खडकाला लोखंडी तार ठोकली आहे, ती धरून चढायचं. मी येतो बरोबर."

"सोपी वाट विचारली तर तारेला लटकवतोस? गाई जातात तिथून मी जायचं नाही, इतकी का मी जाड झाले?"

नेझा खुदकन हसली. येर्नेय हसला नाही. एरवी तो थट्टेला थट्टेने उत्तर दिल्याशिवाय राहत नसे.

तो उठून बाहेर गाडीपाशी गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बर्फावर रोवायच्या दोन कुऱ्हाडी होत्या. त्या त्याने नकाशावर ठेवल्या.

"जायचंच असेल तर या घेऊन जा. वरच्या घळीत अजून बर्फ असतो. पट्टा लहानच आहे, या खोलीएवढा."

"गुरांच्या वाटेवर कुऱ्हाडी?" नेझा म्हणाली. "बाबा असता तर पोट धरून हसला असता."

"हसलाच होता," येर्नेय म्हणाला.

ब्रेडाने नकाशावरच्या रेघेकडे पाहिलं, मग बंद खिडकीकडे.

"कधी?" तिने विचारलं, पण तिला ते कळलं होतं.

"कडा चढून झाला होता. आम्ही परत येत होतो. मी कुऱ्हाड पुढे केली, तर म्हणाला, इथे गाभण गाय चालते." येर्नेय मान वर करेना. "तोनेसारखा माणूस गुरांच्या वाटेवर घसरून गेला, हे गावाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? कड्याचं नाव सांगितलं. वाटलं, त्याची तेवढी शान तरी राहील."

"आठ वर्षं मी भलत्याच कड्याला शिव्या दिल्या," ब्रेडा म्हणाली. तिच्या आवाजात रडू किती आणि राग किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"कड्यावर त्याचे हात खडकाला असायचे," येर्नेय म्हणाला. "इथे खिशात होते."

दाराशी उभ्या नेझाने हळूच आपले हात बाहेर काढले.