ब्रेकमधली हवा

"दाब," ट्रकखालून व्हर्लिनचा आवाज आला.

आर्लिसने ब्रेकचं पेडल तीनदा दाबलं, चौथ्यांदा दाबून धरलं.

"धरलंय."

खाली नवऱ्याने पाना फिरवला. पेडल तिच्या बुटाखाली हळूहळू खोल जाऊन तळाला टेकलं. त्याने नट आवळला. "सोड." तिने सोडलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर हे असं चाळीस-पन्नास वेळा करावं लागतं, सगळ्यांत लांबच्या चाकापासून. वर एक माणूस लागतो, आणि खालून सांगितल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नसतो. एकोणचाळीस वर्षं आर्लिस वरचा माणूस होती. लग्नात पाद्रीबाबांनी बरंच काही विचारलं होतं, हे सोडून.

चाकं काढलेला ट्रक गॅरेजमध्ये चार लोखंडी घोड्यांवर टेकवून ठेवला होता. बाहेर बर्फात आणखी अकरा गाड्या होत्या. अकरा गाड्यांचा हा धनी दूध आणायला पायी जायचा आणि परत आल्यावर सांगायचा, चालणं तब्येतीला बरं.

"नऊला निघू म्हणाला होतास."

"निघू ना. मागची दोन्ही झाली. पुढची दोन राहिलीत."

"मी माझी वॅगन घेऊन जाते."

खाली पाना थांबला.

"वॅगनला ब्रेक नाहीत."

"काल होते."

"काल होते. तिच्याच ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढून ह्याला बसवलाय. हुबेहूब तोच निघाला. नशीब लागतं." त्याला खरोखर आनंद झाला होता.

आर्लिसने खिडकीतून शेजाऱ्यांच्या घराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर नव्हता. नॉर्थ डकोटातले शहाणे लोक फेब्रुवारीत ॲरिझोनाच्या उन्हात असतात.

डॅशबोर्डवरचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. बिस्मार्कच्या हॉस्पिटलातून भाची बोलत होती, शॉना. "मावशी, निघालात ना? आई सारखी विचारतेय. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत… थांब, तिच्याच कानाला लावते."

"आर्ली," मर्ना म्हणाली. थोरल्या बहिणीचा तो खणखणीत आवाज आता कागदासारखा झाला होता. "कुठवर आलीस?"

आर्लिसने समोर पाहिलं. समोर गॅरेजची भिंत होती.

"एल्जिन गाव मागे टाकलं," ती म्हणाली.

"दाब," खालून आलं.

"कोण गं?"

"व्हर्लिन. तोच चालवतोय."

"त्याच्या गाडीतून येतेयस? आणि गाडी चालतेय?"

"चालतेय."

"बाई, बाई. मग मला आता मरायला हरकत नाही." मर्ना हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ चालला.

"धर."

"धरलंय," आर्लिस म्हणाली.

"काय धरलंयस?"

"दारावरचा दांडा. रस्त्यावर बर्फ आहे."

"फोन ठेवू नकोस," मर्ना म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."

मग दोघी बहिणी निघाल्या. कार्सन आलं. धान्याचं कोठार अजून उभं होतं, पण त्यावरचं नाव उडालं होतं. नाचाच्या हॉलच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. हे सगळं आर्लिसने भिंतीकडे बघत सांगितलं.

"तिथे तो तपकिरी बुटांचा यायचा. काय त्याचं नाव?"

"लेरॉय."

"मेला आपल्या दोघींबरोबर नाचला, आणि पै-पाहुण्यांना सांगत फिरला की तिसरीच आवडली."

पुढचं उजवं चाक झालं. व्हर्लिन पाठीवर सरकत सरकत डाव्या बाजूला आला. त्याला राहवलं नाही.

"एवढ्यात कार्सन?" तो खालून म्हणाला. "ह्या बर्फात? शक्यच नाही." अंतराच्या बाबतीत त्याला खोटं खपत नसे.

"काय म्हणतोय तो?" मर्नाने विचारलं.

"म्हणतोय, जपून चालवतोय."

"त्याला म्हणावं, आज नको जपू. लवकर ये गं आर्ली. माझे हात गार पडलेत आणि ह्या शॉनाचे हात घामेजलेले."

"आलेच. फ्लॅशर गाव दिसतंय बघ."

"दाब."

तिने दाबलं. आता पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं. फोनमधून नुसता श्वास येत होता, मधे बरीच जागा सोडून. आर्लिसने फ्लॅशर सांगितलं, पेट्रोलपंप सांगितला, वळणावरची पाइनची झाडं सांगितली. पलीकडून कुणी काही विचारलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणाचे तरी बूट घाईने आत आले.

"मावशी," शॉना म्हणाली.

"मॅनडन आलं," आर्लिस भराभर बोलली. "नदीवरचा बिस्मार्कचा पूल दिसतोय. तिला सांग शॉना, पूल दिसतोय म्हणावं."



"मावशी, काकांना सांग, आता सावकाश चालवा. काही घाई नाही."

फोन बंद झाला.

खाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. व्हर्लिनने सगळं ऐकलं होतं. तो काही वेळ तसाच पाठीवर पडून राहिला. अगदीच काही दगड नव्हता तो.

"आर्लिस," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"हं."

"घाई नाहीच म्हणतेय पोरगी, तर मागच्या उजव्यापासून एकदा परत घेऊ या. थोडी हवा राहिलीय असं वाटतंय."