सहा नळ, सात गल्ल्या

शाळेच्या मोठ्या वर्गात अख्खं गाव दाटीवाटीने बसलं होतं. पुरुषांनी लोकरीच्या जाड नमद्याच्या उंच टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या होत्या. फळ्यावर खडूने गावाचा नकाशा काढलेला. झऱ्याचं पाणी गावात यायचं होतं, पण पाइप सहाच गल्ल्यांना पुरणार होता. गल्ल्या सात.

"कुणी थांबायचं ते तुम्हीच ठरवा," पाइप देणाऱ्या संस्थेकडून शहरातून आलेली आयझादा म्हणाली. "आम्ही बाहेरचे. निर्णय गावाचा हवा."

पाणी समितीची प्रमुख अनारकान फळ्यापाशी उभी होती. दोन वर्षं ती दारोदार फिरली होती. "घरात नवऱ्याला गप्प करता, मग सभेत का दातखीळ बसते?" असं म्हणून तिने बायकांना बोलायला शिकवलं होतं, हात वर करायला शिकवलं होतं.

ट्रॅक्टरवाला तिनिस्तान उठला. "ओढ्यापलीकडची गल्ली राहू दे. चारच घरं आहेत. पुढच्या साली बघू."

त्या चारांतलं एक घर सायरागुलचं. ती पहिल्याच बाकावर बसली होती. तिचा मुलगा नुरमात वसंतात पाइपासाठी चर खणायच्या श्रमदानाला गेला आणि चराची दरड कोसळून गाडला गेला. तो चर तिनिस्तानच्या दारासमोरचा होता.

"ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करा," अनारकान कशीबशी म्हणाली.

हात वर गेले. एकाहत्तर. त्यात सायरागुलच्या सख्ख्या बहिणीचाही होता. त्या बहिणीची सून दिवस भरलेली होती, घरात पाणी हवं होतं.

"चौकातल्या नळाला नुरमातचं नाव देऊ," तिनिस्तान म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "काय, सायरागुल आपा?"

सायरागुल बसल्या जागेवरूनच बोलली.

"त्या सकाळी मी त्याला म्हटलं, दुसऱ्यांच्या गल्लीत कशाला राबतोस? आपल्या गल्लीत पाणी येईल तेव्हा खण. तर हसला. म्हणाला, आई, आपली म्हणजे कुठली गं?"

बायका मांडीवरच्या पोरांच्या केसांतून उगाच बोटं फिरवत राहिल्या.

"मत पुन्हा घेता येतं," आयझादा हळूच म्हणाली.

अनारकानने होकारार्थी मान हलवली आणि फळ्याकडे तोंड केलं. आयझादानेच विचारलं, "ओढ्यापलीकडची गल्ली थांबावी, असं कुणाकुणाला वाटतं?"

मग मागे एक हात वर झाला. मग दुसरा. या खेपेला सावकाश, माना खाली घालून. पण वर गेले.

अनारकान मोजायला वळली आणि तिचे डोळे भरून आले. तिला समोरचं काही दिसेना.

तेव्हा सायरागुल उठली, गावाकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेका हाताकडे बोट दाखवत मोठ्याने मोजू लागली.