रायफलसाठी बायकोचा होकार

“स्वभावाबद्दल विचारलं तर काय सांगशील?” निशिकांतने पुन्हा विचारलं.

“शांत आहे म्हणून सांगेन,” विनीता म्हणाली. “किती वेळा घोकून घेणार आहेस?”

“तू ऐनवेळी घोळ घालतेस, म्हणून.”

न्यूझीलंडच्या पोलिसांचा फोन यायचा होता. निशिकांतला तिथे हरणांच्या शिकारीला जायचं होतं, आणि बंदुकीचं लायसन्स देण्याआधी तिथले पोलीस बायकोशी बोलणार होते. तेही एकटीशी. या माणसाच्या हातात बंदूक द्यावी की नाही, हे म्हणे बायकोने सांगायचं. निशिकांतला त्याची फार गंमत वाटत होती.

हे खूळ सुबोधने लावून दिलेलं. सुबोध त्याचा कॉलेजातला मित्र, क्राइस्टचर्चला राहायचा आणि दरवर्षी शिंगांचे फोटो पाठवायचा. झालं. ज्याने उभ्या जन्मात जत्रेतला फुगासुद्धा फोडला नव्हता, तो सकाळ-संध्याकाळ रायफलींचे व्हिडिओ बघू लागला. ते राहायचे त्या सिंगापुरात बंदुकीचं नाव काढायची सोय नाही. तेव्हा ती तिकडेच घ्यायची आणि सुबोधच्या तिजोरीत ठेवायची असं ठरलं.

“बोल्ट-अ‍ॅक्शनच घे,” सुबोध म्हणाला होता. “दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागे ओढावा लागतो, पण बिघडत नाही आणि नवशिक्याला परवडते. हरणाला काय, महागाची गोळी आणि स्वस्ताची गोळी सारखीच.”

मग निशिकांतने आपला पुणेरी हिसका दाखवला. क्राइस्टचर्चच्या दुकानदाराशी फोनवर घासाघीस करून एक जुनी, लाकडी दस्त्याची रायफल बाजूला ठेवायला लावली. लायसन्स हातात आलं की ती त्याची.

विनीताला भीती वाटत होती. उगाच नव्हे. गेल्याच महिन्यात आमटी अळणी झाली म्हणून त्याने पातेलं भिंतीवर भिरकावलं होतं, आणि ती पुसायला वाकली तेव्हा तिचा हात पिरगळला होता. सिंगापुरातल्या सेरंगून भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधून आवाज कधी बाहेर गेला नाही, कारण ती ओरडायचीच नाही. बाबाची किल्ली दारात फिरली की अनुया कानाला हेडफोन लावायची. अकरा वर्षांच्या पोरीला आणखी काय सुचणार?

तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं की विनीता म्हणायची, “आमचं मस्त चाललंय.” पुण्याला आईलाही हेच. निशिकांतची सगळी मदार त्यावरच होती. ही बाई चार लोकांत आपल्याविरुद्ध ब्र काढणार नाही, याची त्याला खात्री होती.

“आणि तुझा इथे राहायचा पास माझ्या नोकरीवर आहे,” तो हसत म्हणाला, “एवढं ध्यानात ठेव.”

फोन वाजला. तो स्वयंपाकघरात गेला. दार त्याने पूर्ण लावलं नाही.

पलीकडची बाई मृदू आवाजात बोलत होती. “तुमचे मिस्टर खोलीत आहेत?”

“नाही.”

“ते दारू पितात?”

“पार्टीत एखादा ग्लास.”

“राग आला की काय करतात?”

“खाली चक्कर मारून येतो.”

“तुम्हाला कधी त्यांची भीती वाटली आहे?”

एक शब्द बोलायचा, की बंदुकीचा विषय कायमचा संपला असता. पण मग फोन ठेवल्यावर काय, हेही तिला माहीत होतं. दाराच्या फटीतून त्याचा खांदा दिसत होता.

“नाही,” ती म्हणाली.

“तुमचं उत्तर आम्ही त्यांना सांगत नाही,” ती बाई म्हणाली. “ म्हणून पुन्हा विचारते.”

“कधीच नाही. माझा नवरा फार मऊ मनाचा आहे.”

तिने फोन ठेवला. निशिकांतने बाहेर येऊन तिच्या गालावर चापट मारली. हलकीच. “शाबास. जमलं की.”

मंजुरी आली. लायसन्स तिथे उतरल्यावर चौकीतून घ्यायचं होतं. निशिकांतने दुकानदाराला कळवलं, सुबोधला कळवलं, नवे बूट घेतले आणि ते घालून घरभर हिंडला. तो इतक्या आनंदात होता की त्या आठवड्यात भांडणसुद्धा झालं नाही.

मार्चच्या शाळेच्या सुट्टीत, सकाळच्या विमानाला त्याला सोडायला दोघी चांगी विमानतळावर गेल्या.

“रोज फोन करीन. पहिल्या रिंगला उचलायचा,” तो म्हणाला. “आणि तुझं ते नोकरी करायचं वेड डोक्यातून काढून टाक. परत आलो की बघतोच त्याचं.”

“बरं,” विनीता म्हणाली.

तो आत गेला. एकदाही मागे वळून बघितलं नाही त्याने.

“Mummy, go home lah,” अनुया शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“थांब जरा.”

विनीता विमानांच्या वेळांच्या बोर्डाखाली उभी राहिली. पोरगी कंटाळली, खाली बसली, पुन्हा उठली. निशिकांतचं विमान उडाल्याचं बोर्डावर दिसेपर्यंत विनीता जागची हलली नाही. मग तिने आदल्या दिवशी विमानतळाच्या सामानघरात गुपचूप ठेवलेल्या दोन बॅगा सोडवून घेतल्या, मुंबईच्या विमानाच्या काउंटरवर दोघींचे पासपोर्ट पुढे केले, आणि इमिग्रेशन पार करून गेटपाशी बसल्यावर न्यूझीलंडच्या पोलिसांचा नंबर लावला.

“मी विनीता. लायसन्ससाठी तुम्ही मला विचारलं होतं ना, नवऱ्याची भीती वाटते का म्हणून? तेव्हा तो दाराआड उभा होता. आता तो विमानात आहे. आता विचारा.”