विकल्याचा ठिपका

बंगळुरूच्या आर्ट फेअरमध्ये फोटो विकला गेला, की गॅलरीतली शमिका त्याच्याखाली लाल ठिपका चिकटवायची. जवळच्या आनेकल गावातल्या, अगरबत्त्या वळणाऱ्या अक्कांच्या कृष्णधवल फोटोखालचा ठिपका मात्र सारखा नाहीसा व्हायचा.

वैतागून ती नवा ठिपका लावायला पुन्हा वाकली. ठिपका अक्कांच्या कपाळावर होता, काचेच्या आत.

तिनं फोटोग्राफर मकरंदला हाक मारली. "अरे, ह्या अक्कांनी कुंकू लावलं होतं?"

"छे गं! मी कुणाला सजवून फोटो काढत नाही. कपाळ मोकळंच आहे, बघ की!"

खरंच, मोकळं होतं.

मकरंद आता तिच्याकडे बघत होता. "तू कधीपासून टिकली लावायला लागलीस?"

शमिकानं पुसायला हात वर नेला. कपाळाच्या अलीकडेच बोटांना गार काच लागली.