डब्यांवरच्या चिठ्ठ्या

भिकाजी घरी भरलेली काडतुसं पुढ्यात मांडून बसला होता. शेतराखणीची परवान्याची बंदूक त्याच्याकडे तीस वर्षं होती. त्याला लिहिता येत नसे, म्हणून डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्याची बायको सत्यभामा लिहायची. रानडुकरांसाठी ‘छर्रे’, माकडं पळवायला, आवाजापुरता ‘नुसता बार’.

"सगळ्यांतले छर्रे काढलंय," तो म्हणाला. "आता सगळ्या डब्यांवर ‘नुसता बार’ लिव."

"आणि डुकरां भात खातली ती?"

भिकाजीने एक डबा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "काल सांजेक बांधाकडे भात हललां. मी नेम धरलंय, बोट चापावर होतां. इतक्यात शेजारच्या तातूची सून गवताचो भारो घेवन उठली. माका दिसलीच नाय गो ती. वाटलां, डुक्करच."

सत्यभामेचं पेन थांबलं. तातूच्या सुनेला सातवा महिना होता.

एकेक चिठ्ठी तिने ठळक अक्षरांत लिहिली, चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबली.

"उद्यापासून राखणीक मी पण येतंय," ती म्हणाली. "मी बघतंय, तुमी बार काढा."