चुकवलेला नेम

सकाळीच उपग्रहाचा निरोप आला: यंदाच्या गवतावर एकशे चाळीस चितळं जगतील, त्यावर एकही नको. वनरक्षक तानबा मडावी माद्यांना वांझ करणाऱ्या सुयांची बंदूक घेऊन निघाले, तेव्हा बायकोने विचारलं, "यंदापण नेम चुकवणार का तुम्ही?"

"नाही गं. पुरे झालं."

गेल्या वर्षी दया आली म्हणून त्यांनी वीस सुया मुद्दाम सागाच्या खोडांत मारल्या होत्या. पाडसं झाली. मे महिन्यात गवत संपलं, आणि मेलेली पाडसं पाणवठ्यावरून ओढून पुरायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं.

आज पाणवठ्याशी एक मादी उभी होती. त्यांनी बंदूक रोखली. ती पळाली नाही. हा माणूस काही करत नाही, हे तिला गेल्या वर्षीच कळलं होतं.